एवढ्या लोकांचा पगार कोण देतं? (डेट्रॉइटचा ऑर्केस्ट्रा, संप आणि वर्गणी)

नोव्हायकरीण

बाबा पहिल्यांदा आमच्याकडे मिशिगनला आले, तेव्हा त्यांना डेट्रॉइट सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऐकायला नेलं होतं. बाबा साताऱ्याचे. बँकेत नोकरी, आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी. पाश्चात्त्य संगीताशी संबंध शून्य. मंचावर सत्तरेक माणसं काळ्या कपड्यांत. ओबो (सनईसारखं वाद्य) वाजवणाऱ्याने एक सूर दिला आणि सगळ्यांनी आपापली वाद्यं त्याला मिळवून घेतली, तेव्हा बाबा खूष झाले. "तंबोरा एकाकडे आणि मिळवणारे सत्तर, बरंय की!"

मध्यंतरात कॉफी घेताना त्यांनी हळूच विचारलं, "एवढ्या लोकांचा पगार कोण देतं गं?"

मी म्हटलं, तिकिटातून निघत असेल. बाबांनी हॉलवर नजर फिरवली, रिकाम्या खुर्च्या अंदाजाने वजा केल्या आणि म्हणाले, "नाही बसत हिशेब."

खरंच बसत नाही. मी नंतर यात पडले आणि पडतच गेले. म्हणून हा धागा.

आम्ही इथे आलो २००९ मध्ये, म्हणजे डेट्रॉइटच्या सगळ्यात वाईट दिवसांत. जीएम (जनरल मोटर्स) आणि क्रायस्लर या मोटारकंपन्या दोन्ही त्याच वर्षी दिवाळखोरीत गेल्या. १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात वस्ती असलेल्या शहरात २०१० च्या जनगणनेत सव्वासात लाखांहून कमी माणसं उरली होती. ऑर्केस्ट्राला पैसे देणारे हात मोटारींच्या धंद्याशीच बांधलेले, त्यामुळे तेही आखडले. व्यवस्थापनाने पगारात मोठी कपात मागितली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये वादक संपावर गेले. सहा महिने हॉल बंद! शेवटी एप्रिल २०११ मध्ये मूळ पगारात साधारण २३ टक्के कपात सोसून मंडळी परत वाजवायला बसली. काही चांगले वादक गेले ते गेलेच. कॉन्सर्टमास्टर एमान्युएल बोआव्हेर स्वतःच डॅलसला गेल्या. म्हणजे पहिल्या व्हायोलिनची पहिली खुर्चीच रिकामी.

भांडण पगाराएवढंच दुसऱ्या एका गोष्टीवरही होतं. व्यवस्थापनाला हवं होतं की वादकांनी शाळांत शिकवावं, वस्त्यांमध्ये जाऊन छोट्या मैफली कराव्यात, आणि हे सगळं कराराचाच भाग असावं. वादकांचं म्हणणं, आम्ही आयुष्यभर रियाज केला तो इथवर पोचण्यासाठी. बाकीची कामं लादू नका. तडजोडीत ही कामं ऐच्छिक ठरली, त्यांचे वेगळे पैसे ठरले.

गंमत अशी की संपाच्या काळात तेच वादक स्वतःच्या हिमतीवर उपनगरांतल्या चर्चांमधून कार्यक्रम करत होते. मी आयुष्यातला पहिला सिम्फनी कार्यक्रम असाच ऐकला, ऑफिसातल्या मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून. लाकडी बाकं, डोक्यावर वाळत घातलेल्या कोटासारखा एक जुना झेंडा, आणि माझ्यापासून आठ फुटांवर चेलो. त्या आठ फुटांनीच घात केला म्हणायचा.

संप मिटल्यावर ऑर्केस्ट्राने हीच वाट पक्की केली. २०११-१२ पासून शेजारवस्त्यांची मालिका सुरू झाली: साउथफिल्डचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), ग्रोस पॉइंटचं चर्च, अशी ठिकाणं. मंच लहान म्हणून वादक कमी, म्हणून कमी वादकांत बसणारे हायडन आणि मोझार्ट जास्त. तिकीट मुख्य हॉलपेक्षा पुष्कळ स्वस्त. शिवाय मुख्य हॉलमधले कार्यक्रम इंटरनेटवर फुकट दाखवायला लागले. आणि स्वतःला ते 'समाजाच्या आधारावर चालणारा ऑर्केस्ट्रा' म्हणवू लागले.

तर प्रश्न असा: हे आपल्या 'वर्गणी'सारखंच आहे, की मला उगाच तसं वाटतंय?

---

पेठेतला

वा, छान लिहिलंय. आधी एक खुलासा करा. आमच्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हणजे गणपतीत चौकात मांडव, चमकीचा कोट घातलेला निवेदक आणि 'व्हॉइस ऑफ' अमुकतमुक. त्याचा पगार कोण देतं ते आम्हाला पक्कं माहीत आहे. वर्गणीचं पुस्तक घेऊन दारात उभी राहणारी चार पोरं. :)

---

नोव्हायकरीण

@पेठेतला, हसू नका, या ऑर्केस्ट्राची सुरुवात थेट अशीच आहे. १९१४ मध्ये शहरातल्या दहा प्रतिष्ठित बायकांनी प्रत्येकी १०० डॉलर काढले आणि प्रत्येकीने दहा-दहा डॉलर देणारी आणखी शंभर माणसं गाठायचं कबूल केलं. पुस्तक घेऊन दारोदारच की.

---

आकडेमोड

बाबांना दंडवत. त्यांनी कॉफीच्या कपावर जे काढलं त्यावर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये अख्खा अभ्यास मांडला होता.

थोडक्यात असं. मोटारीच्या कारखान्यात शंभर वर्षांपूर्वी एका गाडीला जेवढे मनुष्यतास लागत, त्याच्या कितीतरी कमी आता लागतात. म्हणून कामगाराचा पगार वाढला तरी गाडी परवडते. पण बीथोव्हेनची चार वादकांसाठीची रचना त्याच्या काळी चार माणसं जेवढ्या वेळात वाजवत तेवढाच वेळ आजही चारच माणसांना लागतो. तीन माणसांत उरकता येत नाही, दुप्पट वेगाने वाजवलं तर मार खाल. बाहेर पगार वाढतात तसे यांचेही वाढवावे लागतात, नाहीतर पोरं व्हायोलिन सोडून कोडिंग करतील. उत्पादकता मात्र तिथेच. त्यामुळे खर्च आणि तिकीट यांच्यातली दरी दरवर्षी रुंदावत जाते. चांगलं व्यवस्थापन आलं म्हणून ती बुजत नाही.

मग ती कुणीतरी भरायची. युरोपात बहुतेक ठिकाणी सरकार भरतं. अमेरिकेत देणगीदार, न्यास आणि आधीच्या देणग्यांच्या गंगाजळीवरचं व्याज. डेट्रॉइट एकटं नाही. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासारख्या नामांकित संस्थेने एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. डेट्रॉइटचे वादक परत बसले त्याच महिन्यात!

---

चर्चगेट_लोकल

मोबाइलवरून टंकतोय, शुद्धलेखन चालवून घ्या.

आपल्या मुंबईतही पूर्णवेळ व्यावसायिक धाटणीचा एक ऑर्केस्ट्रा आहे हे किती जणांना माहीत आहे? सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. २००६ मध्ये एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सुरू केला. नरिमन पॉइंटच्या टोकाला, जमशेद भाभा थिएटरमध्ये. वर्षाला दोन हंगाम, एक फेब्रुवारीच्या आसपास, एक सप्टेंबरच्या. मी डोंबिवलीहून जातो, परतीची गाडी पकडायची म्हणून शेवटच्या टाळ्या कायम चुकतात.

याची मेख अशी आहे की मंचावर भारतीय वादक कमी असतात. हंगामापुरते कझाकस्तान आणि युरोपातून वादक येतात. लोक यावर टीका करतात, मीही करायचो. पण ओबो, बसून (हेही फुंकून वाजवायचं वाद्य), फ्रेंच हॉर्न शिकवणारं आपल्याकडे आहे कोण? (बसून उभं राहूनही वाजवतात, कोटीबद्दल क्षमस्व.) म्हणून २०१२ मध्ये त्यांनी मुलांसाठी अकादमी काढली. रशियन पद्धतीने लहानपणापासून तालीम. त्या पोरांनी मागच्या रांगा भरायला दहा-पंधरा वर्षं लागणारच.

आणि कलावंतांच्या भागीदारीचं म्हणाल तर झाकिरभाईंचा 'पेशकार' (एकल तबलावादनाची सुरुवात ज्याने होते, त्याचं नाव). तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीची ही रचना याच ऑर्केस्ट्राने त्यांच्याकडून करून घेतली. सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा वाजली. २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यातही तेच घेऊन गेले, तबल्यावर स्वतः उस्ताद. एकट्याच्या बोटांतून निघणारा पेशकार ऐंशी माणसांत वाटला जाताना पाहणं हा वेगळाच प्रकार आहे. तबल्याने प्रश्न टाकायचा आणि पितळी वाद्यांनी लिहून आणलेलं उत्तर द्यायचं. शास्त्रोक्त मंडळींना पटत नाही, उपज (तिथल्या तिथे सुचलेलं) कुठे आहे विचारतात. मला स्वतःला अर्धं पटलं, अर्ध्यात मी रडलो.

---

माडगांवचो

चर्चगेटबाब, 'शिकवणारं आपल्याकडे आहे कोण' हे वाक्य गोंयकाराने ऐकलं तर पावाबरोबर तुम्हाला खाईल. :)

पोर्तुगीज काळापासून आमच्याकडे चर्चला लागून शाळा. पोरगा वाचायला शिकायच्या आधी सोल्फेज्यो (सूर त्यांच्या नावांनी वाचून गाणं) शिकायचा, मग व्हायोलिन. तिथून निघालेले वादक संस्थानांच्या बँडमध्ये, मुंबईच्या हॉटेलांत आणि मग हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेले. तुम्ही जी जुनी गाणी ऐकून डोळे मिटता, त्यातल्या व्हायोलिनांच्या लाटा बहुतेक आमच्या लोकांच्या. कागदावर सुरावट लिहून देणारे अरेंजरही आमचेच, सेबास्टियन डिसोझांसारखे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादक, रागांवर बांधलेल्या रचना आणि गायला लता मंगेशकर, मन्ना डे. १९५८! तुमचं 'फ्यूजन' तेव्हा पाळण्यात पण नव्हतं. फार काळ चाललं नाही. पुढे ते अमेरिकेला गेले, परत येऊन गावातच शांत राहिले, २०१२ मध्ये गेले.

वादक होते, गाणारे होते, लिहिणारा होता. मागे पैसा उभा करणारी दहा बायकांची समिती नव्हती. नोव्हायकरीणताईंच्या गोष्टीतलं मला तेवढंच लागलं.

---

चर्चगेट_लोकल

@माडगांवचो कान पकडले. सिनेमावाले विसरलो हा अपराधच. आणि त्याआधीचे व्हायोलिनवादक मेहली मेहता, संगीत संचालक झुबिन मेहतांचे वडील. १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला, पुढच्या वर्षी झुबिनचा जन्म. म्हणजे घरात आधी ऑर्केस्ट्रा आला, मग मुलगा. १९५२ मध्ये विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन दुष्काळनिधीसाठी भारतात वाजवायला आले, तेव्हा मुंबईत साथीला मेहलींचीच माणसं. आणि झुबिन मेहता जगभर फिरून, सत्याऐंशी वर्षांचे झाल्यावर, ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासमोर उभे राहिले. तिकीट मिळालं नाही. त्या विषयावर मी बोलत नाही.

---

पेठेतला

सगळं मान्य. पण माझा मूळ आक्षेप राहतोच. सवाई १९५३ पासून चालू आहे, भीमसेनअण्णांनी गुरूंसाठी सुरू केला. भारतीय बैठकीचं तिकीट घेऊन माणूस सतरंजी टाकून बसतो. मंचावर गायक, तबला, पेटी, दोन तानपुरे. पाच माणसांत हजारो लोक तृप्त. आपली पद्धत मुळातच काटकसरीची असताना ऐंशी पगारी माणसांचा हत्ती इथे कशाला पोसायचा? डेट्रॉइटला पोसा, त्यांचा आहे तो.

---

वीणा_व्हायोलिन

पेठेतलेकाका, हत्ती मिरवणुकीसाठी असतो, गाडी ओढायला नाही. :)

गंमत सोडा. मी स्वतः हौशी व्हायोलिन वाजवते, तिसाव्या वर्षी सुरुवात केली. दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसले आहे दोनदा, हौशी गटात. सवाईत तुम्ही ऐकायला बसता. इथे माझ्यासारखी सामान्य कुवतीची बाई 'आत' बसू शकते. माझं चुकलं तर शेजारणीच्या आवाजात बुडतं. एकट्याने गायच्या संगीतात माझ्यासारखीला जागाच नाही, श्रोता होण्यापलीकडे. याला तुम्ही काटकसर म्हणा, मला ती गैरसोय वाटते.

म्हणूनच पणजीची चाइल्ड्स प्ले संस्था मला फार आवडते. २००९ पासून ज्या घरांत वाद्य विकत घेणं शक्य नाही तिथल्या मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवतात. वाद्य संस्थेचं, शिक्षक संस्थेचे. मुलं ओळीत बसून एकत्र वाजवतात, एकमेकांकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत.

---

अवखळ

ताई, भागीदारी आणि समाज वगैरे गोड गोड झालं. या डेट्रॉइटमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास वस्ती कृष्णवर्णीय आहे ना? मंचावर किती जण दिसतात? तेही सांगा.

---

नोव्हायकरीण

@अवखळ, बरोबर जागी बोट ठेवलंत. मीच टाळत होते, कारण धागा भरकटेल.

१९७८ पासून हा ऑर्केस्ट्रा आफ्रिकन-अमेरिकन संगीतकारांच्या रचनांचे कार्यक्रम करतो, 'क्लासिकल रूट्स' नावाने. शहरातलं ब्रेझील डेनर्ड कोराल हे गायनवृंद त्यात उभं राहतं, आणि त्या संध्याकाळी प्रेक्षागृहाचा रंग, कपडे, हॅट्स, दाद देण्याची पद्धत सगळं बदलतं. दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवू नयेत हा नियम त्या दिवशी कुणी पाळत नाही. मला तो कार्यक्रम सगळ्यात जास्त आवडतो.

पण १९८९ मध्ये वादकांत कृष्णवर्णीय माणूस होता एक. फक्त एक! मिशिगनच्या काही आमदारांनी सांगितलं, हे बदला, नाहीतर राज्याची मदत रोखतो. आता गोम अशी, की निवड पडद्याआडून व्हायची. उमेदवार पडद्यामागे वाजवतो, परीक्षकांना चेहरा दिसत नाही. बायकांच्या टाचांचा आवाज येऊ नये म्हणून गालिचासुद्धा टाकतात. ही पद्धत मुळात वशिलेबाजी थांबवायला आणलेली. मदत थांबण्याच्या धाकाने ऑर्केस्ट्राने एका कृष्णवर्णीय बासवादकाला पडद्याआडची परीक्षा न घेता कायम केलं. ते आधीपासून बदली वादक म्हणून वाजवतच होते. पण त्या गृहस्थांनी जाहीर सांगितलं, की इतरांसारखी परीक्षा देऊनच आलो असतो तर बरं वाटलं असतं.

यावर माझं मत अजून ठरत नाही.

---

अवखळ

म्हणजे तिथेही आरक्षण! चला, पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

गावाकडचा_इंजिनीर

पॉपकॉर्न कशाला? पडदा लावला म्हणजे न्याय झाला असं मानणाऱ्यांनी एवढंच सांगावं की पडद्यापर्यंत पोचायला किती वर्षांची शिकवणी आणि किती हजार डॉलरचं वाद्य लागतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलोय. माझ्याकडे कॅम्पस मुलाखतीपर्यंत संगणक नव्हता. मुलाखत घेणारे अगदी निःपक्षपाती होते.

---

अवखळ

मेरिट हा शब्दच

(प्रतिसादाचा पुढील भाग संपादित)

---

संपादक मंडळ

धाग्याचा विषय ऑर्केस्ट्रा आहे. आरक्षणासाठी वेगळे सत्तावीस धागे उघडे आहेत, तिथे जावे. संगीताशी संबंधित मुद्दे इथे चालतील.

---

आकडेमोड

संगीताशी संबंधित मुद्दा: गावाकडच्या इंजिनीरांना अनुमोदन. डेट्रॉइट परिसरातच १९९० च्या दशकात स्फिंक्स ही संस्था निघाली, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना तंतुवाद्यांची तालीम, स्पर्धा, वाद्यं मिळवून द्यायला. पडदा आहे तसा ठेवून, पडद्यापर्यंतचा रस्ता बांधायचा. वेळ लागतो. मुंबईच्या अकादमीचं गणितही तेच दिसतंय.

---

नोव्हायकरीण

संपादकांचे आभार, वेळेवर आलात.

आता हॉलबद्दल लिहिते, कारण ते लिहायचं म्हणूनच खरं तर धागा काढला होता आणि राहूनच गेलं. ऑर्केस्ट्रा हॉल १९१९ मध्ये अवघ्या पाचेक महिन्यांत बांधला. ओसिप गॅब्रिलोविच हे त्या वेळचे संगीत संचालक (मार्क ट्वेनचे जावई बरं का), त्यांनी अट घातली, धड हॉल द्या तरच राहतो. उत्तम आवाजाचा हॉल मिळाला. १९२२ मध्ये यांचा कार्यक्रम रेडिओवरून गेला, अख्खी सिम्फनी मैफल आकाशवाणीवर जायची ती सुरुवातीची वेळ. मग मंदी आली आणि १९३९ मध्ये भाडं परवडेना म्हणून ऑर्केस्ट्राने हॉल सोडला.

१९४१ मध्ये तिथेच पॅरडाइज थिएटर निघालं. कृष्णवर्णीय वस्तीच्या कडेला, जॅझचं. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, बिली हॉलिडे सगळे तिथे वाजवून-गाऊन गेले. दहा वर्षांनी तेही बंद. मग छत गळायला लागलं, भिंतींचा गिलावा पडला, कबुतरं आली. १९७० मध्ये तिथे रेस्टॉरंट बांधायला इमारत पाडायची ठरली. कुणाला काही पडलेली नव्हती, एक सोडून. ऑर्केस्ट्रातला पॉल गॅन्सन नावाचा बसूनवादक. त्याने माणसं गोळा केली, फलक घेऊन दारात उभा राहिला, पैसे जमवले. पाडकाम थांबलं. दुरुस्तीला एकोणीस वर्षं लागली. १९८९ मध्ये ऑर्केस्ट्रा त्याच हॉलमध्ये परत आला.

एकोणीस वर्षं वर्गणी गोळा करत राहिलेल्या माणसाचा विचार करा. मधल्या काळात तो दुसऱ्या हॉलमध्ये रोज नोकरीला जातोच आहे.

बाबांना हे सगळं परतीच्या गाडीत सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या बसूनवाल्याने हिशेब ठेवला होता का?"

---

चर्चगेट_लोकल

बाबांना मंडळाचे खजिनदार करा.

---

पेठेतला

एकोणीस वर्षांपुढे हात टेकले. आक्षेप अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा ऐकल्यावर. ते फुकट प्रक्षेपण म्हणालात, आपल्याकडे किती वाजता येतं?

---

नोव्हायकरीण

@पेठेतला, इथल्या रात्री आठचा कार्यक्रम तुमच्या पहाटे साडेपाचला. हिवाळ्यात घड्याळं बदलली की साडेसहा. बाबा साताऱ्याला परत गेल्यावर तसंच ऐकतात, चहा घेत. म्हणतात, पूर्वी याच वेळेला रेडिओवर सनई लागायची. काही कार्यक्रम शुक्रवारी सकाळी पावणेअकराला असतात, ते तुमच्याकडे रात्री जेवणानंतर. पहिल्यांदा ऐकणार असाल तर सकाळचा निवडा, पहाटे झोप लागेल आणि दोष मोझार्टला द्याल.

---

मिशिगनचा_नवखा

नमस्कार, दोन महिन्यांपूर्वीच डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आलोय, कंपनीने पाठवलं. धागा एका बैठकीत वाचला. साउथफिल्डच्या सिनेगॉगमधल्या कार्यक्रमाला जायचं मनात आहे, पण तिथे आपण गेलेलं चालतं का? डोकं झाकावं लागतं का? गाडी अजून घेतलेली नाही.

---

नोव्हायकरीण

खुशाल चला. कार्यक्रमापुरतं ते सभागृहच असतं, कुणी काही विचारत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चपला कुठे काढायच्या ते शोधत दारात उभी राहिले होते. छत त्रिकोणी, उंच निमुळतं होत गेलेलं. पहिली पाच मिनिटं वरच बघत बसाल. कार्यक्रम गुरुवारी असतो, आम्ही दोघं जाणार आहोत, मागची सीट रिकामी आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ट्रॉयवरून फिरून जाऊ. मात्र साडेसहाला दारात तयार राहा. उशीर झाला तर गाडी लांब लावावी लागते आणि थंडी भयंकर आहे.

---

मिशिगनचा_नवखा

व्यनि केला आहे. तिकिटाचे पैसे आता देऊ की तिथे?

---

पेठेतला

पावती घ्या.